सालीखालची जखम

बल्लारपूरच्या लाकूड आगारात जायचे तर सकाळी, ऊन चढायच्या आत. सागवानाचा तेलकट, कमावलेल्या कातड्यासारखा वास त्या वेळी थप्प्यांच्या बोळातून जमिनीलगत रेंगाळत असतो. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर क्रमांक, लांबी, गोलाई लिहिलेली. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीचा माल जाणकाराला न विचारता ओळखू येतो. सरळ, दाट वलयांचा, मधाच्या रंगाचा. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान निघाले ते याच बल्लारपुरातून. त्याचा अभिमान इथल्या हमालापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या बोलण्यात आहे.

पण मला पाहायचे होते ते बाजूला काढून ठेवलेले लाकूड. आगारात आयुष्य गेलेल्या एका म्हाताऱ्या मजुराने मला त्या थप्पीपाशी नेले. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने त्याने एका ओंडक्यावर ठोका मारला. ठण्ण. शेजारच्यावर मारला. भद्द. "ऐका ना भाऊ, हा बोलते. हा नाही बोलत," तो म्हणाला.

न बोलणाऱ्या ओंडक्याच्या बुंध्याकडच्या तोंडाशी मी उकिडवा बसलो. मध्यभागी मुठीएवढी पोकळी होती आणि तिच्यात ओलसर, तपकिरी भुसा. बोटाने कोरला तर चहाच्या चोथ्यासारखा सुटत होता. पोकळीपासून एक काळी पट्टी बाहेरच्या बाजूला आली होती. जिथे ती संपली, तिथे वलये दोन्ही बाजूंनी आत वळून एकमेकांना भिडली होती, जुन्या शिवणीसारखी. त्या शिवणीपासून सालीपर्यंतची वलये मोजली. सव्वीस भरली. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी या झाडाच्या बुंध्याला काहीतरी झाले होते. "वणवा," मजूर म्हणाला. "बुडाला शेकलं असंल. वरून झाड हिरवंच राहते. आतून जाते."

वरून हिरवे, आतून गेलेले. चंद्रपूर–गडचिरोलीच्या जंगलात झाडांना होणाऱ्या बुरशीच्या रोगांबद्दल लिहायला घेतले, तेव्हा मी बुरशीच्या मागे लागलो होतो. ती मला वेगवेगळ्या झाडांवर, वेगवेगळ्या रूपांत भेटली. पण प्रत्येक वेळी तिच्या आधी कुणीतरी तिथे येऊन गेलेले असायचे. हा लेख त्या आधी येऊन जाणाऱ्याबद्दलही आहे.

चट्टा कसा पडतो

झाडाचा जीव कुठे असतो, असे विचारले तर आपण मुळांकडे बोट दाखवतो. खोडापुरते बोलायचे तर तो सालीखाली असतो. सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर पेशींचा एक अतिशय पातळ, ओलसर थर असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला एधा म्हणतात. हा थर आत लाकूड आणि बाहेर साल तयार करत राहतो. त्याच्या बाहेरच्या अंगाने, सालीच्या आतल्या पदरातून, पानांनी केलेले अन्न खाली मुळांकडे उतरते. शंभर फूट उंच सागाचे सारे वाढते आयुष्य या एवढ्याशा थरावर चालते.

बुरशी साल आणि हा थर मारते, तेव्हा खोडावर चट्टा दिसू लागतो. आधी सालीचा रंग बदलतो, मग ती खोलगट होते, तडकते. कुठे डिंक पाझरतो, कुठे काळा चिकट रस. झाड कडेने नवी साल चढवून चट्टा झाकू पाहते आणि बुरशी पुन्हा पुढे सरकते. झाड वाढत्या दिवसांत जिंकते, बुरशी झाडाच्या विश्रांतीच्या काळात. वर्षानुवर्षे ही झुंज चालली की खोडावर एकात एक कडी उमटतात आणि मध्ये उघडे लाकूड राहते. चट्टा खोडाला पूर्ण वेढून आला, तर त्याच्या वरचा भाग वाळतो.

या रोगांना शास्त्रात कँकर म्हणतात. लॅटिनमधल्या खेकड्यावरून तो शब्द आला; आपल्या कर्करोगातला कर्कही तोच खेकडा. विदर्भातला बागायतदार कँकर म्हटले की लिंबावरचा खैऱ्या समजतो. पण खैऱ्या जिवाणूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही. संत्र्याच्या बुंध्यावरचा डिंक्या मात्र दिसायला जंगलातल्या या चट्ट्यांचा सख्खा भाऊ. त्याचा कर्ता फायटोफ्थोरा. जुनी पुस्तके त्याला बुरशीच म्हणतात, आता त्याचे कूळ वेगळे मानले जाते. पण त्याची रीत तीच: ओल आणि दुखावलेली साल सापडली की आत शिरायचे.

झाड बरे होत नाही

आपण म्हणतो, झाडाची जखम भरली. ती तशी भरत नाही. आपल्या हाताला कापले तर मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात आणि कातडी पूर्ववत होते. झाडाला ती सोय नाही. कुजलेले लाकूड ते पुन्हा निरोगी करू शकत नाही. ते त्या जागेभोवती भिंती बांधते आणि पुढची वाढ भिंतीबाहेरून करते.

हे नीट समजावून सांगितले अमेरिकेच्या वन खात्यातल्या ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने. त्याआधीचे बहुतेक लोक खोड आडवे कापून पाहत. शिगोंनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरली आणि जखमेपासून कूज वर, खाली, आत किती गेली ते पाहिले. 1970 च्या दशकात त्यांनी मांडले की जखमी झाड चार दिशांनी चार भिंती घालते. वरखाली जाणाऱ्या नळ्या बुजवते ती भिंत सर्वांत कमजोर. म्हणून कूज खोडात उभी पसरते. जखमेनंतर नव्याने घडते ती बाहेरची भिंत सर्वांत बळकट. म्हणून त्यानंतरचे लाकूड निरोगी राहते.

बल्लारपूरच्या ओंडक्यात मी हेच पाहत होतो. सव्वीस वर्षांपूर्वीच्या शिवणीच्या आत सगळे गेले होते, बाहेरची सव्वीस वलये ठणठणीत होती. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे वाळवी व बुरशी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. शंभर वर्षांची दारे टिकतात ती त्यामुळे. पण उभ्या झाडात जखम खोल गेली, दरवर्षी नव्याने उघडली, तर या बळकट गाभ्यालाही बुरशी पोखरते.

भिंत बांधायला झाडाला शक्ती लागते. ती पानांतून येते. उन्हाळ्यात शेकलेले, पावसाळ्यात पाने गमावलेले झाड भिंत बांधते, पण उशिरा आणि कच्ची. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये मूल गावाकडून गडचिरोलीकडे जाताना कधी कधी सागाचे जंगलच्या जंगल तपकिरी दिसते. पाने हातात घेतली तर शिरांची नुसती जाळी उरलेली. ते अळीचे काम. झाड त्याने मरत नाही, नवी पालवी फुटते. पण भिंतीसाठी साठवलेली शिदोरी त्या पालवीवर खर्च होते.

मार्च ते मे

चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा 47–48 अंशांपर्यंत जातो आणि गावाचे नाव देशभरच्या बातम्यांत येते. माणसांच्या उष्माघाताची नोंद होते, झाडांच्या होत नाही. दुपारचे ऊन खोडाच्या नैर्ऋत्येच्या अंगावर पडते. शेजारची झाडे अचानक तोडली गेली आणि सावलीत वाढलेले खोड उघडे पडले, तर त्या अंगाची साल भाजून सुटते. वर्षभराने पाहावे तर त्याच पट्ट्यात साल तडकलेली आणि आत बुरशी बसलेली.

त्यात वणवा. साधारण 60 अंश उष्णतेला सालीखालचा जिवंत थर मरतो. जंगलातली जमिनीवरची आग बहुतेक वेळा गुडघ्याएवढीच असते. ती सरपटत येते आणि जाते. पण उतारावरच्या झाडाला वरच्या अंगाने पालापाचोळा अडकून साचलेला असतो. आग तिथे रेंगाळते. जाड सालीचे झाड निभावते, कोवळे निभावत नाही. बुंध्याशी त्रिकोणी, काळा घाव पडतो. पुढच्या वर्षी त्याच उघड्या लाकडाला आग पुन्हा धरते आणि त्रिकोण मोठा होतो. जून उजाडतो, पाऊस येतो, हवेत बुरशीचे बीजाणू तरंगू लागतात आणि त्यांना ओले, उघडे लाकूड आयते मिळते.

ही आग आकाशातून पडत नाही. मार्च–एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. पाचोळ्यात पडलेली फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची जुनी सवय आहे. तेंदूला कोवळी, मोठी पाने यावीत म्हणून झुडपे छाटली जातात आणि जंगल पेटवले जाते. कुणाची विडी, कुणाची शेताच्या बांधावरची पेटवण हीही त्यात. मोह वेचणाऱ्या बाईला यात दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत मोह आणि तेंदूवर जे हाती येते, त्यावर इथल्या अनेक घरांची पावसाळ्याची तजवीज असते. पहाटे चारला टोपली घेऊन निघणाऱ्या त्या बाईला दुसरी सोय कुणी दिली, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. झाडाखाली जाळी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळते. गोष्ट एवढी साधी आहे.

अंगणातला आंबा

बुरशीची एक तऱ्हा मी घरीच शिकलो, मोठी किंमत देऊन. मूल तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात आजोबांनी लावलेला रायवळ आंबा होता. लोणच्याचा आणि खायचाही. मी कॉलेजात असताना कपडे वाळत घालायला मीच त्याच्या बुंध्याला लोखंडी तार गुंडाळली. एक टोक आंब्याला, दुसरे संडासाच्या भिंतीतल्या खुंटीला. आई म्हणाली होती, सुतळी बांध. सुतळी कुजते म्हणून मी तार बांधली.

खोड वाढत गेले आणि तार सालीत रुतली. तारेच्या वर खोड फुगले, खाली बारीक राहिले. आम्हाला ते गमतीचे वाटायचे. मग एका कडक उन्हाळ्यानंतर तारेच्या कडेने डिंकाचे थेंब आले. ते वाळून काळे पडले. सालीला हात लावला तर ती कागदासारखी निघायची आणि खालचे लाकूड राखाडी, रेघारेघांचे. वरच्या एका फांदीची पाने तपकिरी झाली, पण गळली नाहीत. ती तशीच लटकत राहिली. पुढच्या वर्षी दुसरी फांदी. तिसऱ्या वर्षी आजोबांचा आंबा आम्ही तोडला.

फार नंतर मला त्या रोगाच्या सर्वसाधारण कर्त्याचे नाव कळले: लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. उष्ण प्रदेशात आंब्यापासून कडुनिंबापर्यंत शेकडो झाडांवर ती आढळते. तिच्याबद्दलची एक गोष्ट वाचून मी हातातले पुस्तक मिटून ठेवले होते. ही बुरशी निरोगी झाडाच्या सालीत, लाकडात वर्षानुवर्षे काही न करता मुक्काम करू शकते. झाड तगडे असेपर्यंत ती गप्प. पाणी तुटले, साल दुखावली, झाड खचले की ती हातपाय पसरते. आमच्या आंब्यात ती कदाचित आजोबांच्या काळापासून राहत असेल. तिला वाट मी करून दिली.

एकसारखेपणाचा धोका

जगातली सर्वांत मोठी कँकरची गोष्ट अमेरिकेतल्या चेस्टनटची. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातली चेस्टनटची झाडे खोडावर चट्टे पडून मरताना दिसली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आलेली ती बुरशी होती. आशियातली झाडे तिच्यासोबत जगायला शिकलेली. अमेरिकेतल्या झाडांनी तिला कधी पाहिलेच नव्हते. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत तीन ते चार अब्ज झाडे गेली. आजही जुन्या मुळांतून फुटवे येतात, थोडे वाढतात आणि पुन्हा चट्टा पडून वाळतात. युरोपात तीच बुरशी पोचली, पण तिथे तिलाच विषाणूचा आजार जडला, ती दुबळी झाली आणि कित्येक झाडांचे घाव मिटू लागले. बुरशीलाही आजारपण असते, ही जंगलाने शिकवलेली समज.

केरळने जवळचा धडा दिला. कागदाच्या लगद्यासाठी तिथे निलगिरीची विस्तीर्ण रोपवने लावली गेली. भरपूर पावसाच्या भागात त्यांच्यावर गुलाबी रोग आला. खोडावर आणि फांद्यांवर गुलाबी पापुद्रा चढतो, साल फाटते, शेंडा वाळतो. रबर आणि कॉफीच्या मळ्यांना तो आधीपासून माहीत होता. पीचीच्या केरळ वन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात या रोगाची आणि निलगिरीच्या खोडावरच्या कँकरची तपशीलवार नोंद केली. एकाच वयाची, एकाच जातीची झाडे हारीने उभी असली की रोगाला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही.

चेस्टनटची गोष्ट इथे जशीच्या तशी घडेल असे मला म्हणायचे नाही. साग इथलाच आहे, इथल्या बुरशींची आणि त्याची जुनी ओळख आहे. पण 1974 मध्ये महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर या दोन जिल्ह्यांत ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू असे सरमिसळ जंगल काढून त्या जागी सागजड्या लावलेली मोठी रोपवने उभी राहिली. सागवानाला भाव आहे, राज्याला महसूल हवा आहे, हे खरे. पण सरमिसळ जंगलात रोगट सागाच्या शेजारी ऐन उभा असतो आणि त्या ऐनापाशी रोगाची वाट बऱ्याचदा संपते. रोपवनात शेजारीही सागच असतो.

आलापल्लीजवळ याचा पुरावा जपून ठेवलेला आहे. वनवैभव नावाचा जुन्या जंगलाचा छोटा तुकडा तिथे राखला गेला आणि 2014 मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथल्या अजस्र सागांमध्ये मी अर्धा दिवस फिरलो. निष्कलंक झाड मला एकही दिसले नाही. कुठे वीज पडल्याची उभी भेग, कुठे तुटलेल्या फांदीची ढोली, कुठे बुंध्याशी जुना त्रिकोण आणि त्याच्या दोन्ही कडांनी ओठांसारखी चढलेली जाड साल. एका ढोलीतून पोपटांची ये-जा चालली होती. धनेशाला, घुबडाला, मैनेला घर हवे तर कुठल्यातरी झाडाचा गाभा आधी कुजावा लागतो. बुरशी नसती तर पडलेले लाकूड मातीत गेले नसते, आणि पावसाळ्यात इथल्या झाडीपट्टीच्या बाजारात सात्या आणि टेकोडे या रानअळिंबींच्या टोपल्याही आल्या नसत्या. जंगल निरोगी असते म्हणजे त्यात रोग नसतो असे नाही. घाव पडण्याचा आणि घाव झाकण्याचा वेग तिथे सारखा असतो. आपण पहिला वेग वाढवत नेला आहे.

पाचगावचा निर्णय

वेग कमी करता येतो. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तो करून दाखवला. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क हाती आल्यावर गावाने ठरवले की विक्रीसाठी तेंदूपत्ता तोडायचा नाही. कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि जंगलाला आग लागते. हातात येणारा रोख पैसा या गावाने सोडला, आणि बांबूच्या उत्पन्नावर घडी बसवली. जंगलाचा उत्तम भाग देवराईसारखा राखून ठेवला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने त्याआधीच, 2009 मध्ये, असा हक्क मिळवला होता. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

पाचगावच्या लोकांनी झाडांच्या रोगाचे पुस्तक वाचून हा निर्णय घेतला नव्हता. आग आणि छाटणी जंगलाचे काय करते, ते त्यांनी पाहिले होते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले बी. के. बक्षी यांचा 'फॉरेस्ट पॅथॉलॉजी' हा ग्रंथ 1976 मध्ये आला. त्या शास्त्राची आणि पाचगावची वाट वेगवेगळी, मुक्काम मात्र एक: उभ्या झाडावर औषध मारण्यापेक्षा त्याला जखम न होऊ देणे स्वस्त आणि खात्रीचे.

बागेत बोर्डो पेस्ट चालते. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, असे मिश्रण संत्र्याच्या बुंध्याला पावसाळ्याआधी लावतात. हजारो हेक्टर जंगलाला कोण काय लावणार? तिथे उपयोगी पडतात त्या जुन्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी. जाळरेषा फेब्रुवारीत साफ करणे. साग तोडताना खुंट जमिनीलगत, गुळगुळीत, उताराचा कापणे, साल न सोलवटता. म्हणजे पाणी साचत नाही आणि फुटवे खालून, निरोगी भागातून येतात. उंच सोडलेल्या खुंटावरचा फुटवा जोमाने वाढतो खरा, पण खुंटाची कूज त्याच्या बुडात उतरते. विरळणी करताना शेजारच्या झाडाला कुऱ्हाड न लागू देणे. ओंडका ओढताना उभ्या खोडांची साल न खरवडणे. फांदी कापायची तर खोडाला चिकटून नाही आणि लांब ठुटका ठेवूनही नाही. फांदीच्या बुडाशी जो फुगीर गळपट्टा असतो, त्याच्या बाहेरून. डिंकासाठी धावड्याला खाच घ्यायची तर उथळ, अंतर राखून आणि खोडाला वेढा न घालता.

एका वनरक्षकाला मी विचारले, कक्षात फिरताना रोगट झाड कसे ओळखता? तो म्हणाला, "रोग नंतर दिसते साहेब. आधी मी बुड पाहतो." बल्लारपूरच्या मजुराने ओंडक्याच्या तोंडावर जे वाचले, ते हा माणूस उभ्या झाडावर वाचत होता, सव्वीस वर्षे आधी.

पक्कड

लेखासाठीची भटकंती संपवून घरी आलो. आंब्याच्या जागी आता कडुनिंब आहे, पंधरा-सोळा वर्षांचा. आंब्याचे एवढे सगळे होऊनही, केबलवाल्याने आणि नंतर आम्हीही त्याला काय काय बांधले होते, ते मी पहिल्यांदाच बुंध्याजवळ बसून पाहिले. छातीएवढ्या उंचीवर तारेचे दोन वेढे. एक सैल होता. दुसरा अर्धा सालीत गेलेला, आणि त्याच्या वरच्या कडेने खोड किंचित फुगू लागलेले.

पक्कड आणली. सैल वेढा कापून काढला. रुतलेला वेढा तीन जागी तोडला, म्हणजे खोडाला वाढायला जागा मिळेल. आत गेलेले तुकडे ओढून काढायचा मोह झाला. ओढले असते तर साल सोलून निघाली असती. ते तसेच राहू दिले. निंब त्यांना आपल्या लाकडात घेईल. आईने सुतळी आणून दिली. कपड्यांची दोरी आता भिंतीतल्या दोन खुंट्यांना बांधली आहे.